वाट कोणी कोणास द्यावी?

रस्त्याने दोन माणसे समोरासमोर आली आणि वाट एकापुरतीच असली, तर बाजूस कोणी व्हावे, हा प्रश्न दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. परंतु ज्या धर्मशास्त्रकारांनी मनुष्याच्या जन्मापासून त्याच्या श्राद्धापर्यंत सर्व गोष्टींचा खल केला, त्यांनी तो क्षुल्लक मानलेला नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, ज्यांना वाट द्यावी अशा आठ जणांची यादीच सांगितलेली आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, डोक्यावर भार वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव, हे ते आठ. (यांपैकी नवरदेवाचा हक्क आमच्या लोकांनी एवढ्या निष्ठेने जतन केला आहे की, त्यास कोणी वाट देण्याची गरजच उरलेली नाही, तो वाजंत्री, दिवे व नाचणारे मित्र यांसह सगळा रस्ताच घेऊन टाकतो.) लगेच पुढच्या श्लोकात असे सांगितले आहे की, ही सर्व मंडळी एके ठिकाणी जमली तर स्नातक व राजा यांचा मान पहिला, आणि त्या दोघांतही राजाने स्नातकास मान द्यावा.

या दोन श्लोकांवर वाचकांनी क्षणभर विचार करावा अशी आमची विनंती आहे. यादीत दोन अगदी भिन्न तत्त्वे शेजारी शेजारी बसविली आहेत. वृद्ध, रोगी व भारवाहक यांना वाट द्यावयाची ती त्यांच्या गरजेसाठी. ते कोण आहेत, कोणाचे आहेत, हे विचारण्याचे कारणच नाही. राजा व स्नातक यांना वाट द्यावयाची ती त्यांच्या मानासाठी. त्यांना बाजूस होता येत नाही असे नव्हे, तर त्यांनी बाजूस होणे शोभत नाही. जोपर्यंत रस्ता रुंद आहे तोपर्यंत ही दोन्ही तत्त्वे सुखाने नांदतात. रस्ता अरुंद झाला म्हणजे मात्र एकाची निवड करावी लागते. आणि तशी वेळ आली तेव्हा स्मृतिकाराने निवड केली ती मानाची. डोक्यावर ओझे घेतलेला मनुष्य उभा राहील आणि स्नातक पुढे जाईल. हा निवाडा आमच्या हाडामांसात किती खोल मुरला आहे, हे पाहण्यास जुन्या पोथ्या उघडण्याची गरज नाही, एस. टी.च्या गाडीत चढले तरी पुरे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून ही गाडी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील लोकांचे खरे सार्वजनिक स्थान झाली आहे. तिच्या आसनांवर अपंगांसाठी, स्त्रियांसाठी अशा पाट्या असतात, आणि त्याच रांगेत आमदारांसाठीही असते. गरज आणि मान पुन्हा शेजारी शेजारी! आमदार महाशय एस. टी.ने क्वचितच येतात म्हणून तंटा होत नाही, इतकेच.

आमच्या समाजात सौजन्य नाही, आम्ही स्वभावतःच उर्मट आहो, असे जे पुष्कळदा म्हटले जाते ते आम्हांस मान्य नाही. घरी आलेल्या पाहुण्यास बसावयास पाट आणि प्यावयास पाणी दिल्यावाचून त्याच्या कामाची चौकशी करू नये, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, वडील माणूस उभे असता आपण बसू नये, हे सर्व ज्या घरांत मुलांस चालता येऊ लागल्यापासून शिकविले जाते, त्या घरांतील माणसांस उर्मट कसे म्हणावे? पण तोच सुशिक्षित गृहस्थ, पाहुण्यासाठी स्वतःचे अंथरूण सोडून देणारा, तिकिटाच्या खिडकीपाशी पुढच्या तिघांच्या खांद्यांवरून हात घालतो. नाटकगृहात आपल्या खिशातील दूरध्वनीवर खुशाल मोठ्याने बोलतो. जिन्याच्या मध्यभागी उभा राहून मित्राशी गप्पा मारतो आणि मागचे लोक अंग चोरून जातात तिकडे त्याचे लक्षही नसते. हा मनुष्य बदलला नाही, त्याच्यासमोरचा बदलला. समोरचा ओळखीचा असला, नात्याचा असला, पाहुणा म्हणून उंबरठा ओलांडून आलेला असला, म्हणजे त्याच्याशी कसे वागावे याचे शंभर नियम आमच्यापाशी आहेत. परंतु ज्याचे नाव, गाव, जात, हुद्दा यांपैकी काहीच ठाऊक नाही, ज्याची पुन्हा गाठ पडण्याचा संभव नाही, अशा केवळ माणसाशी कसे वागावे, यासंबंधी आमची परंपरा फारशी बोलत नाही. याचे कारण असे की, असा केवळ माणूस आमच्या पूर्वजांस क्वचितच भेटत असे. गावात येणारा प्रत्येक जण कोणाचा तरी कोणी असे, किंवा अमुक जातीचा, अमुक बलुत्याचा असे. आणि ते कळेपर्यंत त्याच्याशी बोलणे पुढे सरकत नसे. ‘आपण कोणापैकी?’ हा प्रश्न चौकशीचा नव्हता, तर पुढचे सौजन्य किती मापाचे द्यावयाचे ते ठरविण्याचा होता.

केवळ माणसाची भेट आम्हांस घडविली ती मुख्यतः आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. तीत बसलेले सुमारे चारशे लोक निमंत्रित होते, म्हणून त्या दिवशी काही अडचण पडली नसेल. पण पुढे ज्याच्याजवळ भाड्याचे पैसे असतील तो बसू लागला. डब्यांचे वर्ग पडले ते भाड्यावरून पडले. ज्याची सावली टाळावयाची तो मांडीला मांडी लावून शेजारी बसला, आणि उठून जावे तर दुसरी गाडी नाही. स्थानकावर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशी निराळी सोय आणि पाणी पाजण्यास पाणीपांडे ठेवून लोकांनी जुना गाव फलाटावर आणून वसविण्याचा प्रयत्न केला खरा. पण डब्याच्या आत तो वसेना. तेथे नवे नियम हवे होते, आणि ते कोणी रचलेले नव्हते. १९१७ साली गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर जे लिहिले, त्यात रेल्वेच्या अधिकाऱ्यांची कानउघाडणी तर आहेच, पण जेथे बसले तेथेच घाण करणाऱ्या प्रवाशांचीही आहे. तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला. तक्रारीचा दुसरा भाग मात्र अद्याप रद्द झालेला नाही.

याच आगगाडीत घडलेल्या दोन गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवतो. दोन्ही प्रसिद्ध आहेत. पण त्या एकापुढे एक ठेवून वाचल्या म्हणजे आमच्या प्रश्नातील मर्म जितके उघडे होते तितके कोणत्याही तर्काने होणार नाही.

पहिली न्यायमूर्ती रानडे यांची. ते प्रथम वर्गाने प्रवास करीत असता सोलापूर स्थानकावर थोडा वेळ डब्याबाहेर उतरले. तेवढ्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांचे सामान बाजूस भिरकावून त्यांची जागा बळकावली. रानडे परत आले, त्यांनी ते पाहिले, आणि एक शब्दही न बोलता ते दुसरीकडे जाऊन बसले. पुण्यास गाडी आल्यावर आपण कोणाची जागा घेतली हे त्या गृहस्थास कळले. तो स्वतः न्यायखात्यातील कनिष्ठ अधिकारी होता. तो क्षमा मागावयास आला, तेव्हा रानडे पाठ फिरवून चालते झाले. पुढे गोखल्यांनी त्यांस विचारले की, या गोष्टीची दाद आपण लावून घेणार की नाही? रानड्यांनी नकार दिला, आणि उलट प्रश्न केला: आमची सदसद्विवेकबुद्धी तरी या बाबतीत शुद्ध आहे काय? आपल्याच देशातील अस्पृश्य बांधवांस आपण कसे वागवितो? मग राज्यकर्त्यांस कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

रानड्यांसारख्या क्षमाशील पुरुषाने क्षमा मागावयास आलेल्यास पाठ दाखविली, याचे कित्येकांस आश्चर्य वाटते. आम्हांस वाटत नाही. तो गृहस्थ जागा बळकावल्याबद्दल क्षमा मागत नव्हता. न्यायाधीशाची जागा बळकावल्याबद्दल मागत होता. तेथे एखादा मामलेदार कचेरीतील कारकून असता तर ती क्षमा त्याच्या ओठांवर आलीच नसती. असे सौजन्य न स्वीकारणे हेच, आमच्या मते, त्या प्रसंगी अधिक सौजन्याचे होते. कारण त्यात त्या अनुपस्थित कारकुनाचा मान राखला गेला.

दुसरी गोष्ट १९०१ सालची. साताऱ्याहून चार मुले वडिलांकडे जाण्यासाठी गाडीने निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. वडील कोरेगावास खजिनदाराच्या कामावर होते. मुले येणार हे कळविणारे पत्र त्यांस वेळेवर पोहोचले नव्हते, त्यामुळे कोणी न्यावयास आले नव्हते. मुलांचे कपडे चांगले, टोप्या जरीच्या. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. बोलता बोलता मुलांनी आपली जात महार असे सांगितले, आणि स्टेशनमास्तरची मुद्रा पालटली. तो तेथून निघून गेला. गाडीवान भाडे दुप्पट देऊनही यांना बसवावयास तयार होईनात. अखेर एक तयार झाला, तो या अटीवर की मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. रात्रभर मुलांस प्यावयास पाणी मिळाले नाही. त्या चौघांपैकी एका मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. त्यांनी ही हकीकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

त्या स्टेशनमास्तरास आम्ही दुष्ट म्हणत नाही. काही वेळाने त्यानेच मध्यस्थी करून गाडीवानाशी बोलणे केले, असेही त्या हकीकतीत आहे. तो आपल्या गावातील चारचौघांसारखा भला मनुष्य असावा. आम्हांस भय वाटते ते याच गोष्टीचे. त्याच्यापाशी सौजन्य होते, ते खोटे नव्हते. पण ते मुलांच्या जरीच्या टोपीस दिलेले होते, म्हणून एका शब्दासरशी परत घेता आले. जे सौजन्य परत घेता येते ते दान होय. देणाऱ्याची मर्जी असेतो असावयाचे. जे परत घेता येत नाही ते देणे, म्हणजे ऋण. सार्वजनिक स्थळी अनोळख्याशी सौजन्याने वागणे हे आमच्याकडून त्यास मिळणारे दान आहे, की त्याचे आमच्याकडे असलेले देणे आहे, हाच या सर्व विषयातील नैतिक प्रश्न होय. आणि ‘ऋण’ असेच त्याचे उत्तर असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

यावर कोणी म्हणेल की, ऋण असेल तर ते वसूल करावयास कायदा आहे. आहे खरा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे व इतर स्थळे सर्वांस मोकळी झाली, आणि महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी २० मार्च १९२७ रोजी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांस हजारो माणसे घेऊन जावे लागले, आणि पाणी प्याल्याबद्दल त्या माणसांस मार खावा लागला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडासच मनुस्मृती जाळण्यात आली. ज्या ग्रंथाच्या दोन श्लोकांनी आम्ही या लेखाचा आरंभ केला, तो ग्रंथ तेथे का जळावा, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल; भारवाहकास वाट द्यावी असे एका ओळीत सांगून, दुसऱ्या ओळीत ती काढून घेण्याची जी रीत, तिचा तो हिशेब होता. १९५० च्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानाचे घाट व रस्ते यांची नावे घेऊन तेथे कोणास मज्जाव नसावा असे लिहिले. एखाद्या देशाच्या मूळ कायद्यात विहिरीचे नाव घालावे लागावे, यातच आमचा इतिहास आला. परंतु कायद्याची पोहोच दारापर्यंत. माणूस आत आल्यावर त्याच्याकडे बघून शेजाऱ्याने आपली पिशवी जवळ ओढली, त्याने वेळ विचारली तर न ऐकल्यासारखे केले, त्यास ‘अहो’ म्हणावयाचे तेथे ‘अरे’ म्हटले, तर कोणत्या कलमाखाली फिर्याद द्यावी?

हे ‘अहो’ आणि ‘अरे’ प्रकरण आमच्या भाषेत मोठे नाजूक आहे. इंग्रजीत सर्वांस एकच सर्वनाम असल्याने त्या लोकांस उद्धटपणा करण्यास इतर साधने शोधावी लागतात; आम्हांस ती भाषेतच तयार मिळाली आहेत. पंचवीस वर्षांचा तरुण आपल्या वडिलांच्या वयाच्या रिक्षावाल्यास ‘ए, येणार का रे?’ म्हणून हाक मारतो, आणि त्याच तोंडाने बँकेतील पंचवीस वर्षांच्या साहेबास ‘अहो-जाहो’ करतो. त्याने कोणताही गुन्हा केला नाही. बहुधा त्याच्या मनात अपमानाचा हेतूही नाही. पण त्या दोन हाकांच्या मध्ये मनूचा तो दुसरा श्लोक जसाच्या तसा उभा आहे.

भाषेने दिलेली दुसरी सोय मात्र मोठी गोड आहे. अनोळख्यास काय म्हणावे या अडचणीतून मराठी माणसाने वाट काढली ती त्यास नातेवाईक करून. ‘काका, जरा सरकता का?’, ‘ताई, पदर खाली लोळतो आहे बघा’, ‘मावशी, ही गाडी ठाण्यास थांबते ना?’ असे म्हटले की परका परका राहत नाही. भाऊ आणि दादा यांनी तर आमचे सगळे बाजार भरलेले आहेत. पण या नात्यांतही अंतराय आहे. घरकाम करणारी ती मावशी, शिपाई तो मामा, आणि हुद्देदार दिसला की सगळी नाती संपून तो ‘साहेब’! नाते जोडले ते प्रेमाने की सोयीने, हे साहेबावरून कळते.

यास अपवाद आम्ही एकच पाहिला आहे, आणि तो पंढरीच्या वाटेवर. वारीत चालणारा प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकास ‘माउली’ म्हणतो. पुरुषास माउली, स्त्रीस माउली, वृद्धास माउली, पोरास माउली. गर्दीत पाय पडला तरी ‘माउली’ आणि वाट हवी असली तरी ‘माउली, वाट द्या’. आणि पाया पडावयाचे ते एकाने दुसऱ्याच्या नव्हे, दोघांनीही एकमेकांच्या. अनोळख्याशी कसे वागावे याविषयी आमची परंपरा फारशी बोलत नाही असे आम्ही वर म्हटले. पण जेथे बोलली तेथे ती याहून अधिक काय बोलणार? तथापि सत्य सांगावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, माउली म्हणणारी ही वाट महाद्वाराशी येऊन थबकत असे. चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण मांडले तेव्हा कोठे विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडले. वाटेवर शेकडो वर्षे म्हटलेला शब्द दारातून आत जावयास एका माणसाचे प्राण पणास लागावे लागले. आणि आजही दर्शनबारीत बारा-बारा तास उभ्या राहिलेल्या माउल्यांच्या देखत कोणी बडा पाहुणा बाजूच्या दाराने आत नेला जातो, तेव्हा बारीतील लोक कुरकुरतात, पण फारसे चिडत नाहीत. तो मानाचा आहे ना!

सौजन्य हे वरवरचे ढोंग आहे, असा एक आक्षेप आहे. आणि तो घेणारे आमच्या वाचकांतही, विशेषतः मुळा-मुठेच्या काठी, पुष्कळ निघतील. ‘स्पष्टवक्ता सुखी भवेत्’ हे त्यांचे ब्रीद. मनात नसता हसून बोलणे, उपकार वाटले नसता ‘थँक्यू’ म्हणणे, हे खोटे बोलणेच नव्हे काय? या आक्षेपास जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानवस्वभावविषयक ग्रंथात जे उत्तर दिले आहे ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कांट म्हणजे कोणत्याही प्रसंगी खोटे बोलू नये असे म्हणणारा अत्यंत कडक मनुष्य. पण शिष्टाचाराच्या गोड शब्दांस तो खुर्दा म्हणतो. हे सोने नव्हे हे घेणारा व देणारा दोघेही जाणतात, म्हणून त्यात फसवणूक नाही; आणि खुर्दा चलनात राहिला तर त्याचे कालांतराने सोने होऊ शकते. आमच्या मुंबईच्या वाचकांस ही उपमा अधिकच पटेल. बसमध्ये शंभराची नोट काढणाऱ्यास वाहक काय म्हणतो ते त्यांनी ऐकलेले आहे.

शंभराच्या नोटा आमच्यापाशी आहेत, याविषयी कोणास शंका नसावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हा लोकांनी छातीइतक्या पाण्यात दोर धरून अनोळख्यांस पार नेले, चाळींची दारे रात्रभर उघडी ठेवली, रस्त्यावर उभे राहून चहा-बिस्किटे वाटली. कोणीही कोणास जात विचारली नाही. आणि गाड्या पूर्ववत सुरू झाल्यावर त्याच लोकांनी एकमेकांस कोपरांनी ढकलून डब्यात प्रवेश केला. यावर ‘मुंबईकरांचे हृदय मोठे’ असे म्हणून आम्ही समाधान मानतो. पण मोठ्या हृदयाचा मनुष्य रोज कोपर का मारतो, याचा विचार करीत नाही. संकट हे सर्वांस समान करते. राजा, स्नातक व हमाल एकाच पाण्यात उभे असतात, म्हणून मानाचा श्लोक आपोआप पुसला जातो आणि उरतो तो केवळ गरजेचा. पाणी ओसरले म्हणजे तो पुन्हा उमटतो. शिवाय महान कृत्यात कर्त्यास स्वतःचे दर्शन घडते. जिन्यावर बाजूस सरकण्यात ते घडत नाही. कोणी पाहत नाही, कोणी सांगत नाही, आणि ज्याच्यासाठी सरकलो त्याच्याही ते ध्यानात येत नाही. ज्या सद्गुणास साक्षीदार नाही तो टिकविणे सर्वांत कठीण.

तरी गर्दीत सौजन्य शक्यच नाही, ती निवांत देशांची चैन आहे, हेही आम्ही मान्य करीत नाही. गर्दीने आमच्या लोकांस जे शिकविले ते कोणत्याही शिष्टाचाराच्या पुस्तकात सापडावयाचे नाही. लोकलच्या दुसऱ्या वर्गातील बाक तिघांचा असतो. त्यावर चौथा बसतो. त्याचे अर्धे अंग बाकावर, अर्धे वाटेत अधांतरी. पण तो बसतो, आणि बसण्यापूर्वी केवळ हाताने किंचित खूण करतो. तिघे एक एक बोट सरकतात. रेल्वेच्या कोणत्याही नियमात चौथी सीट नाही. पण दुसऱ्या वर्गात ती नाकारणे म्हणजे पंगतीतून उठविण्यासारखे समजतात. प्रथम वर्गात, जेथे बाक मऊ व भाडे कितीतरी पट, तेथे मात्र चौथ्यास सहसा जागा मिळत नाही. भाडे जास्त दिल्याने माणसाची रुंदी वाढते, असा काही नियम असावा.

एस. टी.तील रुमालाची गोष्ट याच्या उलट. गाडी फलाटास लागताच खिडकीतून रुमाल, पिशवी, क्वचित तान्हे मूलसुद्धा आत टाकून जागा धरण्याची रीत वाचकांस ठाऊक आहे. दारातून धक्के खात आत आलेल्या म्हातारीने रिकाम्या बाकाकडे पाहावे, आणि तेथे एक रुमाल बसलेला असावा! आणि मौज ही की, ती म्हातारीही त्या रुमालाचा हक्क मान्य करून पुढे सरकते. प्रथम ताबा घेणाऱ्याची मालकी, हा जगातील सर्व संपत्तीचा मूळ नियम. तो वाईट म्हणण्याचे आम्हांस धाडस नाही. पण रुमाल टाकू शकतो तो उंच, तरुण आणि चपळ. म्हणजे ज्याला उभे राहणे सर्वांत सोपे, त्याला जागा सर्वांत आधी. रांग लावली असती तर म्हातारीस निदान तिची पाळी मिळाली असती. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा लोक धान्यासाठी रांगेत उभे राहिले. रांगेत आधी आलेला आधी, एवढेच पाहतात. ती मान ओळखत नाही हा तिचा मोठा गुण, पण गरजही ओळखत नाही हा तिचा दोष. म्हणून रांगेतील लोकांनी मधूनमधून आपण होऊन एखाद्यास ‘तुम्ही पुढे व्हा, बाळ घेऊन किती वेळ उभ्या राहाल?’ असे म्हणावे लागते. तेथे नियम संपतो आणि सौजन्य सुरू होते.

मराठीत आभार मानण्याचा नित्याचा शब्द नाही, ही आणखी एक तक्रार ऐकू येते. खरे आहे, आमचे आभार सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या कलमात राहतात, आणि ते मानले जात असता निम्मी सभा चपला शोधीत असते. थँक्यू हा शब्द आता सर्वांनी उचलला, त्यास आमची हरकत नाही. खुर्दा कोणत्याही टांकसाळीचा असो, चालला म्हणजे झाले. पण शब्द नव्हता म्हणून वस्तूच नव्हती, हा तर्क मात्र खोटा आहे. कोणत्याही आठवड्याच्या बाजारात जाऊन पाहावे. माळव्याने भरलेली पाटी एकट्या बाईस जमिनीवरून डोक्यावर घेता येत नाही. ती चुंबळ डोक्यावर ठेवते, पाटीशी वाकते, आणि जो कोणी जवळून जात असेल त्यास म्हणते, ‘जरा हात लावा.’ जाणारा थांबतो, पाटीची एक कड धरतो, पाटी डोक्यावर चढते, आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. ती आभार मानीत नाही. तो त्यांची वाट पाहत नाही. पुढच्या वळणावर कोणी दुसरी बाई त्यालाच हाक मारील, किंवा त्याचेच ओझे कोणी उचलून देईल. मात्र हात लावावयाचा म्हणजे शिवणे आले. आणि याच बाजारात एके काळी अशी माणसे होती की ज्यांना, शेजारून शंभर जण जात असताही, आपली पाटी उचलून देण्यास आपल्याच माणसाची वाट पाहत बसावे लागे.